हळद चालते, कुत्रा चालते का?

गोंदिया जिल्ह्यात कुत्रा लंगडायला लागला की त्याला ढोरदवाखान्यात नेतात. दारावरची पाटी 'पशुवैद्यकीय दवाखाना' असं सांगत असते, पण पाटीवरचं नाव पाटीपुरतं. आवारात खोड्यात अडकवलेला बैल असतो, पोट फुगलेली शेळी असते, आणि या सगळ्या कमावत्या मंडळींत एक बिनकामाचा मोती नाही तर शेरू साखळीला बसलेला असतो. बऱ्याचदा त्याचं नाव टायगर असतं. ज्या जिल्ह्यात नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प आहे, तिथे कुत्र्याला टायगर म्हणून हाक मारायला धाडस लागतं. ते धाडस मालकाचं. टायगरचं स्वतःचं धाडस दवाखान्याच्या फाटकापाशीच संपलेलं असतं आणि तो मालकाच्या दोन पायांमध्ये शिरलेला असतो.

नंबर लागतो. डॉक्टर मागचा पाय वाकवून बघतात, टायगर कुंईकुंई करतो, आणि मालक आवाज जरा खाली आणून विचारतो, "साहेब, याले हळद देली तं चालते का जी?"

"हळद चालते जी," डॉक्टर म्हणतात. "पर कुत्रा चालते का?"

झाडीपट्टीच्या बोलीत कुत्रा 'चालतो' होत नाही, 'चालते'च होतो. त्यामुळे प्रश्न आणि त्याचं उत्तर एकाच क्रियापदावर उभं राहतं. कुत्र्याच्या जेवणात हळद घालण्याबद्दल जगात जेवढं लिहून झालं आहे, त्याचा निम्मा सार या दोन वाक्यांत येतो. उरलेला निम्मा मात्र सोडून द्यावा इतका टाकाऊ नाही.

मुळात हा प्रश्न या मालकाच्या आजोबांना पडला नव्हता. हळद त्यांच्याही कुत्र्याच्या पोटात जात होती, पण वरणातून. गोंदिया म्हणजे धानाचा आणि राईस मिलचा जिल्हा. मिलमध्ये तांदूळ निवडताना जी तुटकी कनी वेगळी निघते तिला इकडे कनकी म्हणतात, आणि कनकीचा भात हे कुत्र्याचं पिढीजात अन्न आहे. त्यावर रात्रीचं उरलेलं पिवळं वरण. कुणी मोजून घातलं नाही, कुणी कुत्र्याच्या तब्येतीत काय फरक पडला याची नोंद ठेवली नाही. कुत्र्यानेही तक्रार केली नाही. भात थंड असला तर तेवढं एकदा मालकाकडे बघितलं.

भात खाणारा कुत्रा म्हणजे शहरी लोकांना जरा दया येण्याचा विषय. कुत्रा हा मांसाहारी प्राणी, त्याला भात कसला घालता, असं पुण्या-मुंबईहून आलेले पाहुणे म्हणतात. त्यांना सांगायला एक शास्त्रीय आधार आहे. २०१३ साली स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या एरिक ॲक्सेलसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये लिहिलं की पिष्ट पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती सापडतात, तर पाळीव कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. माणसाने शेती सुरू केली आणि कुत्र्याने आपलं पोट त्याप्रमाणे बदलून घेतलं. नागझिऱ्यातल्या रानकुत्र्यांनी हा करार कधी केला नाही. ते टोळीने हिंडतात, शिट्टीसारखा आवाज काढून एकमेकांना बोलावतात, चितळ पाडतात, आणि त्यांच्या सांध्यांसाठी कुणी काही कालवत नाही. त्याच जिल्ह्यात काही मैलांवर त्यांचा दूरचा भाऊबंद ओसरीवर झोपून कनकीच्या भाताची वाट बघतो. दोघांत शहाणा कोण, हे ज्याने त्याने ठरवावं.

मग हळदीचा प्रश्न आला कुठून? समजा, गोंदियाच्या रेलटोलीत एक निवृत्त मास्तर आहेत. त्यांचा शेरू अकरा वर्षांचा आहे, उठताना दोनदा विचार करतो. मास्तरही उठताना दोनदा विचार करतात, त्यामुळे घरात समदुःखाचं वातावरण आहे. नागपूरला नोकरी करणारी मुलगी मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवते. त्यात एक गोरा माणूस कढईत पिवळं काहीतरी ढवळतो आहे आणि त्याला 'गोल्डन पेस्ट' म्हणतो आहे. हे प्रकरण लोकप्रिय केलं ऑस्ट्रेलियातले पशुवैद्य डग इंग्लिश यांनी. कृती सोपी: अर्धा कप हळद एक कप पाण्यात मंद आचेवर शिजवायची, घट्ट झाली की उतरवायची, त्यात पाव कप तेल आणि दीड चमचा ताजी कुटलेली मिरी घालायची. गार करून बरणीत भरायची आणि कुत्र्याच्या जेवणात थोडी थोडी मिसळायची.

मास्तरीणबाई व्हिडिओ शेवटपर्यंत बघतात. "अन् मोहरी-जिरं?" त्या विचारतात. त्यांच्या हिशेबी ही फोडणी अर्धवट राहिली आहे.

त्यांचं फारसं चुकत नाही. हळद तेलात उतरते, पाण्यात जवळजवळ नाही, हे प्रत्येक मराठी स्वयंपाकघराला माहीत असतं; म्हणून तर हळद फोडणीत पडते. हळदीतला ज्याच्यावर एवढा भर आहे तो घटक म्हणजे कुर्क्युमिन. तोच तिचा पिवळा रंग. पण हे कुर्क्युमिन अंगाला लागायला फार मानी आहे. पोटात जातं, आतड्यातून फिरून बरंचसं जसंच्या तसं बाहेर पडतं, आणि जे थोडं रक्तापर्यंत पोचतं त्याला यकृत लगेच निरोप देतं. १९९८ साली बेंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी माणसांना दोन ग्रॅम कुर्क्युमिन दिलं, तेव्हा रक्तात ते जेमतेम सापडलं किंवा सापडलंच नाही. सोबत मिरीतलं पायपरिन वीस मिलिग्रॅम दिलं, तर रक्तात उतरण्याचं प्रमाण वीसपट झालं. ऑस्ट्रेलियाच्या कढईत मिरी पडते ती या शोधामुळे. ही तपासणी झाली होती माणसांवर आणि उंदरांवर. उंदरांत ती वाढ वीसपट नव्हतीच, दीडशे टक्क्यांच्या आसपास होती. शेरू माणूसही नाही आणि उंदीरही नाही, हा तपशील व्हिडिओत येत नाही.

आता जरा हिशेब करू. परदेशी पशुवैद्यांच्या लिखाणात साधारण साडेचार किलो वजनामागे दिवसाला अष्टमांश ते पाव चमचा हळद असं माप आढळतं. पाव चमचा म्हणजे सुमारे पाऊण ग्रॅम. बाजारातल्या साध्या हळदीत कुर्क्युमिन शंभरात तीनच्या आगेमागे असतं. म्हणजे पाव चमच्यात वीस-बावीस मिलिग्रॅम, आणि त्यातलंही बहुतेक अंगणातल्या मातीच्या नशिबी. औषधी गुणाचा सगळा डोलारा या चिमटीवर उभा करायचा म्हणजे मराठीत ज्याला अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात, तेच अक्षरशः.

हळदीची जात बघून हा आकडा वरखाली होतो, आणि इथे विदर्भाला थोडी मान ताठ करता येते. वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्याच्या वायगावची हळद कुर्क्युमिनच्या बाबतीत सांगलीपेक्षा सरस मानली जाते. तिला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. सांगलीला २०१८ मध्ये, हिंगोलीच्या वसमतला २०२४ मध्ये. मास्तरांना हे कळलं तर ते शेरूसाठी वायगावची हळद मागवतील आणि घरच्या वरणात दुकानातली सुटी पडेल. सुटी घेताना एक प्रयोग मात्र करावा, अन्नसुरक्षा प्राधिकरणही तो सुचवतं: पेलाभर पाण्यात चमचाभर हळद सोडायची. चांगली हळद खाली बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं. पाणी गडद पिवळं धमक झालं तर हळदीत रंग आहे. शेजारच्या बांगलादेशात तर हळद झळकावी म्हणून शिशाचा क्रोमेट मिसळत असल्याचं स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१९ साली दाखवलं. गुडघ्यासाठी हळद आणि हळदीतून शिसं, असा सौदा कुत्र्याने का करावा?

पण मुख्य प्रश्न राहिलाच. गुण येतो का?

ब्रिटनमध्ये ही परीक्षा रीतसर झाली आहे. संधिवात झालेले ६१ घरगुती कुत्रे घेतले. काहींना हळदीच्या दोन जातींचा अर्क दिला, काहींना तसंच दिसणारं पण काही नसलेलं औषध. कुणाला काय मिळालं हे मालकाला ठाऊक नाही, डॉक्टरला ठाऊक नाही. कुत्र्याला ठाऊक असलं तरी त्याला कुणी विचारलं नाही. निकाल २००३ साली 'व्हेटरिनरी रेकॉर्ड'मध्ये छापून आला. कुत्र्याला एका दाबपट्टीवरून चालवतात. दुखऱ्या पायावर तो किती भार टाकतो ते पट्टी मोजते. पट्टी म्हणाली, फरक नाही. डॉक्टर म्हणाले, फरक आहे. मालकांचं मत फरकाच्या बाजूने झुकलं, पण संख्याशास्त्राच्या रेषेच्या जरा अलीकडेच थांबलं. म्हणजे एकाच कुत्र्याबद्दल तीन साक्षीदार, तीन जबान्या. त्यातला एकच साक्षीदार पगारी नव्हता, आशावादीही नव्हता, आणि तो यंत्र निघाला.

हे असं का होतं, त्याचाही पुढे छडा लागला. मिनेसोटा विद्यापीठातल्या कॉन्झेमियस आणि इव्हान्स यांनी २०१२ साली अशाच एका चाचणीतले ५८ कुत्रे तपासले. हे सगळे नुसती खोटी गोळी मिळालेले. तरीही त्यांच्या मालकांपैकी बऱ्याच जणांना आपला कुत्रा सुधारलेला दिसला. डॉक्टरसुद्धा सुमारे ४० ते ४५ टक्के वेळा फसले. औषध घेतलं कुत्र्याने, गुण आला बघणाऱ्याच्या डोळ्यांना. माणसाला खोट्या गोळीने बरं वाटतं हे जुनंच. इथे गोळी एकाने गिळायची आणि बरं दुसऱ्याने वाटून घ्यायचं, अशी सोय झाली. 'पी हळद हो गोरी' ही म्हण उतावळ्यांसाठी आहे, पण तिच्यात निदान हळद पिणारी आणि गोरी होणारी बाई एकच असते.

यावर मास्तर म्हणतील, म्हणजे हळद निरुपयोगी? असं नाही. जखमेवर हळद लावायची हे झाडीपट्टीतल्या प्रत्येक बैलाला पाठ आहे. गाडीच्या जूने खांदा आला की तेल-हळद. यात पेटंट घेण्यासारखं काही असेल असं कुणाच्या स्वप्नात नव्हतं, पण मार्च १९९५ मध्ये अमेरिकेने मिसिसिपी विद्यापीठातल्या दोघा संशोधकांना जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट बहाल केलं. तेव्हापासून पुढे दोनेक वर्षं गोठ्यात तेल-हळद कालवणारा प्रत्येक शेतकरी, स्वतःला नकळत, अमेरिकेच्या कागदावरचा संशयित होता. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने ३२ संदर्भ पुढे ठेवले. त्यात संस्कृत ग्रंथ होते, तसाच १९५३ सालचा इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला लेखही होता. १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. गायीच्या कासदाहावर, ज्याला गावात दगडी म्हणतात, राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ आजही जो लेप सांगतं त्यात अडीचशे ग्रॅम कोरफड, पन्नास ग्रॅम हळद आणि पंधरा ग्रॅम चुना असतो. एवढं सगळं बाहेरून लावायचं. गायीच्या वाट्याला सरकारी माप आलं, कुत्र्याच्या वाट्याला व्हिडिओ.

तसं पाहिलं तर महाराष्ट्रातल्या कुत्र्याचा हळदीशी संबंध औषधापेक्षा जुना आणि मानाचा आहे. जेजुरीला भंडारा उधळला जातो तेव्हा खंडोबाच्या घोड्याइतकंच त्याच्या कुत्र्यालाही स्थान असतं. वाघ्या तर स्वतःलाच देवाचा कुत्रा म्हणवतो. जुन्या प्रथेत तो भुंकून भिक्षा घेई. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला की कुत्र्याचंही पान मांडणारी घरं आहेत. त्या पानात किती मिलिग्रॅम कुर्क्युमिन आहे असं कुणी विचारलेलं नाही, आणि त्या दिवशी गावातला एकही कुत्रा लंगडत नाही. (अर्थात त्या दिवशी त्याला सगळीकडे धावून जायचंच असतं.)

भरीत म्हटल्यावर इथे जरा थांबायला हवं. हळदीच्या निमित्ताने मसाल्याचा डबा एकदा कुत्र्यासाठी उघडला की त्यातून काय काय बाहेर येईल याचा नेम नाही. हळद साधारणपणे निरुपद्रवी आहे. धोका तिच्या शेजाऱ्यांत आहे. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. वजनाच्या किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा गेला की रक्तात बदल दिसतात. दहा किलोच्या कुत्र्याला दोन मध्यम कांदेही पुरतात. कांदा शिजवला, तळला, वाळवून भुकटी केली तरी त्याचा स्वभाव बदलत नाही. आता ज्या मुलखात सावजी रश्श्याचा आधार कांदा-लसणाच्या वाटणावर आहे, तिथे रविवारी हाडं सोडून उरलेला लाल रस्सा 'घे बापा, तूही खा' म्हणून शेरूच्या ताटलीत ओतला जातो. त्यात हळद आहे, तेल आहे, मिरी आहे. ऑस्ट्रेलियन कृतीतलं सगळंच आहे. एवढ्यावर समाधान मानून कांदा विसरायचा नाही. लसणाने गोचीड पळते असंही सांगतात. गोचीड पळते की नाही हा वादाचा मुद्दा, पण लसूण वाढत गेला तर कुत्र्याचं रक्त नक्की पळतं.

घरच्या गुडघेदुखीची गोळी अर्धी मोडून देणारेही असतात. समदुःखाचा हा कळस. माणसाची आयब्युप्रोफेन कुत्र्याच्या पोटात व्रण करते, मूत्रपिंड बंद पाडते. कुत्र्याला डॉक्टरने आधीच दुखण्याची किंवा रक्त पातळ करण्याची गोळी चालू केली असेल, पित्ताशयाचा त्रास असेल, तर चमचाभर हळदसुद्धा विचारूनच द्यावी. म्हणून ढोरदवाखान्यातला तो दबक्या आवाजातला प्रश्न योग्य जागी विचारलेला असतो. तिथे भागलं नाही तर रेल्वेने १३० किलोमीटरवर नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे; १९५८ पासून ते जनावरांचं ऐकतं आहे, आणि मालकांचंही.

राहता राहिला गुडघा. त्यासाठी ज्याचा पुरावा भक्कम आहे असा एक उपाय आहे, पण तो बरणीत भरता येत नाही. अमेरिकेत ४८ लॅब्राडॉर कुत्र्यांच्या २४ जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाला जेवढं खायला, त्याच्या पाऊणपट दुसऱ्याला, आणि हे जन्मभर. चौदा वर्षं चाललेल्या या अभ्यासाचा निकाल २००२ साली आला: अर्धपोटी, म्हणजे खरं तर पाऊणपोटी ठेवलेल्यांचं मध्यम आयुष्य १३ वर्षं, दुसऱ्यांचं ११.२. सांध्यांचं दुखणंही त्यांना उशिरा गाठत होतं. कुत्र्याला कमी खायला घाला, हे सिद्ध करून दाखवणारी प्युरिना ही कुत्र्यांचं खाणं विकणारी कंपनी होती. गोंदियाच्या चौकाचौकांत हाच अभ्यास वर्षानुवर्षं बिनपैशाने चालू आहे. फरक इतकाच की तिथल्या कुत्र्यांना तो पाऊणपट हिस्साही भांडून मिळवावा लागतो, आणि त्यांच्या आयुष्याचा हिशेब ट्रकच्या चाकावर असतो.

मास्तर शेरूची बरगडी चाचपतात. हाताला बरगडी लागत नाही, लोणी लागतं. पण भात कमी करायचा म्हणजे मास्तरीणबाईंशी बोलायला हवं, आणि त्यापेक्षा हळद शिजवणं सोपं. शेवटी ती शिजतेच. शेरू वास घेतो, भात खातो, हळद चाटतो, आणि पांढरं तोंड, पांढऱ्या मिशा, पांढरी छाती, सगळं नवरदेवासारखं पिवळं करून थेट दिवाणखान्यातल्या दुलईवर जाऊन पडतो.

आणि इथे एक चूक सगळी घरं करतात. मास्तर लगबगीने शेरूला मोरीत नेतात, अंगाला लावायचा साबण घासतात, आणि कुत्र्याचं तोंड बघता बघता लाल होतं. घरात आरडाओरडा होतो. बाप्पा, रक्त आलं! रक्त वगैरे काही नसतं. साबणाच्या क्षारामुळे हळद लाल होते. हळदीत चुना कालवून कुंकू बनतं ते याच गुणावर. शेरूचं हळदीकुंकू झालेलं असतं, इतकंच. साध्या पाण्याने धुवावं आणि सोडून द्यावं. दुलई मात्र ओलीच उन्हात टाका. कुर्क्युमिन उन्हात टिकत नाही, आणि विदर्भाच्या उन्हात तर दोन दुपारीसुद्धा नाही.